कस्तुराला न ओळखणारं गाव

"मिशीले हात लावाचा नाई. सांगून राह्यली मी."

"लावलाच कुठी? आरशात पाहून राह्यलो."

"आरशात पाह्याले मिशीवर बोट आडवं धरा लागते काय जी?"

बाबुलालनं बोट खाली घेतलं. बोटाआड लपलेली मिशी पुन्हा दिसायला लागली, तसा गोकुळाचा जीव थोडा खाली आला. पण तोंड थांबलं नाही.

"लच्छूभाऊचा फोन होता ना?"

"हाव. पुढच्या रविवारी कुरखेड्याकडं मंडईची जत्रा हाये. म्हातारे सारे मिळून दंडारीचा खेळ उभा करून राह्यले. ढोलकीले लच्छू हाये, बाकीचेई जमले. एकडाव, गोकुळा. शेवटची."

"अन् कस्तुरा कोण होईन?"

बाबुलाल आरशाची धूळ पुसायला लागला.

"बोला ना. पुऱ्या झाडीपट्टीत एक बाई नाई भेटली लच्छूभाऊले? वडशातल्या नाटक कंपन्यायमधी खऱ्या बाया काम करतेत. त्यायले ने म्हणा."

"दंडारीत बाई नसते वो. दंडारीत माणूसच…"

"मले शिकवता? कस्तुराशी संसार करून राह्यली मी तीस वर्सं!" गोकुळानं पिशवीची चेन ओढली. "हे पाहा, पिशवी भरली. उद्या आपण सिरोंच्याले जाऊन राह्यलो."

"सिरोंचा? दोन दिवस त बसमधीच जातीन. मिलमधी सोमवारचा खाडा पडन. अन् तिथी आपलं हाये कोण?"

"कोणी नाई," गोकुळा म्हणाली. "म्हणूनच."

बाबुलाल वडशाच्या राईस मिलमध्ये पोती शिवतो. भरलेलं पोतं समोर आलं की दाभणानं आठ टाके, गाठ, पुढचं पोतं. वय चोपन्न, पण बोटं अजून अशी की दाभण त्यांच्यात नाचतं म्हणावं. गोकुळा सहा वर्षांनी लहान. जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. दोनशे पोरांचा भात एकटी उतरवून ठेवणारी बाई. दंड बाबुलालपेक्षा तिचेच भरलेले.

एकुलती एक आचल लग्न होऊन घुग्घुसला गेली आणि घर मोकळं झालं. त्याच सुमारास एसटीत बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं. गोकुळा म्हणाली, "सरकारनं माह्यं अर्धं भाडं सोडलं, आता घरी बसून ते वाया काऊन घालवू?" तेव्हापासून दोघांचं फिरणं सुरू झालं. शनिवारची शाळा सकाळची. ती सुटली की भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन गोकुळा थेट स्टेशनवर. बाबुलाल मिलमधून अंगावरचा कोंडा झटकत यायचा. नागभीड, मूल, चांदा फोर्ट, पॅसेंजर नेईल तिथवर पॅसेंजर, आणि पुढं लाल बस. बस लागली की बाबुलाल खिडकीतून रुमाल टाकणार आणि गोकुळा कोपर मारत आत शिरून त्या रुमालावर बसणार. मुक्काम देवळाच्या धर्मशाळेत नाहीतर कुणा सोयऱ्याकडं. चहा एकच, बशी तिची, कप त्याचा. शेजारच्या सीटवरचं कुणीतरी हमखास म्हणायचं, "कुठी चालले नवरानवरी?" गोकुळाला हे इतकं आवडायचं की बसायच्या आधीच ती पदर नीट करून ठेवायची.

पहिली चारपाच गावं अशी झाली. मग तिच्या ध्यानात यायला लागलं.

घोडाझरीच्या तलावावर चहावाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. "कस्तुराकडून पैसे घेऊ काय गा मी?" म्हणाला. मार्कंड्याच्या देवळात भजनातला एक म्हातारा टाळ खाली ठेवून उठला आणि बाबुलालच्या चालीची नक्कल करून दाखवायला लागला. आरमोरीच्या स्टँडवर कंडक्टरनं गोकुळाचं अर्धं तिकीट फाडलं, बाबुलालकडं पाहिलं, आणि भरल्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबुलालभाऊ, तुमचंबी हाफच निघते ना गा?" सगळी बस हसली. बाबुलाल लाजला. लाजताना त्यानं हनुवटी खांद्याकडं अशी नेली की बस पुन्हा हसली, आणि या खेपेला त्या हसण्यात माया होती. गोकुळा खिडकीबाहेर पाहत राहिली. तिचं कुणी काही विचारलं नाही.

वैरागडात तर कहर झाला. किल्ल्याच्या वाटेवर एक पिकलेली म्हातारी दारात बसली होती. तिनं बाबुलालला हाक मारून जवळ बोलावलं, दोन्ही हातांत त्याचं तोंड धरलं आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "माय वो, माही कस्तुरा! केवढं रडवलं होतं तूनं आमाले!" मग मागं उभ्या असलेल्या गोकुळाकडं तिची नजर गेली.

"अन् तू कोण वो बाई?"

गोकुळानं हा प्रश्न वडशापर्यंत आणला. दुसऱ्या दिवशी खिचडीच्या चुलीपाशी तिनं तो भागीरथाबाईपुढं टाकला. भागीरथाबाई तिच्या जोडीला कांदे चिरते.

"मंग? तू काय सांगतलं?"

"काय सांगू? हेच म्हणाले, 'घरची हाये.'"

"घरची!" भागीरथाबाईनं विळी थांबवली. "म्हशीलेई घरचीच म्हणतेत."

त्या दिवशी दोनशे पोरांनी खारट खिचडी खाल्ली.

कस्तुरा म्हणजे बाबुलालच. सतराव्या वर्षापासून पुढं चौदा वर्षं दंडारीत, झाडीपट्टीच्या त्या नाचगाण्याच्या खेळात, तो कस्तुरा व्हायचा. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, सोयरेधायरे येतात, दिवसाढवळ्या दंडार रंगते, आणि दंडारीतली बाई पुरुषानंच करायची असते. कामाला गेलेल्या नवऱ्याची नदीवर वाट पाहणारी कस्तुरा. गोष्ट एवढीच, पण बाबुलाल कमरेवर घागर घेऊन निघाला की बायका लेकरं पाजायची विसरायच्या. गोकुळानंही त्याला पहिल्यांदा पाहिलं ते कस्तुरा म्हणूनच. सतरा वर्षांची पोट्टी, आईच्या मांडीला मांडी लावून बसलेली. कस्तुरानं नदीला हाक मारली आणि गोकुळा ओक्साबोक्शी रडली. पुढच्या वर्षी त्याच माणसाचं स्थळ आलं तेव्हा गावभर बायका म्हणाल्या, नशीब काढलं पोरीनं. लग्नाला तीन गावं लोटली. सारे नवरदेव पाहायला आले होते. मांडवात तिच्या निऱ्या सुटल्या, तर एक मामी मोठ्यानं म्हणाली, "नवरदेवाले बोलवा वो, तो नेसवून देईन!" त्या दिवसापासून गोकुळानं बाबुलालला आपल्या लुगड्याला हात लावू दिला नाही.

बाहेर कुठली बाई असती तर गोकुळा तिच्या झिंज्या उपटून आली असती. सवत नवऱ्याच्याच अंगात राहत असेल तर झिंज्या कुणाच्या धरायच्या? आचल सहा वर्षांची झाली तेव्हा गोकुळानं तोड काढली. "पोरीले शाळेत चिडवतेत, तुहा बाप बाई हाये म्हणून. मिशी ठेवा." बाबुलालनं एका शब्दानं विचारलं नाही. मिशी ठेवली, कस्तुरा सुटली, हातात दाभण आलं. खरं तर आचलला कधी कुणी चिडवलं नव्हतं. उलट ती पोरगी बापाची ओढणी घेऊन घरभर नाचायची. ही गोष्ट गोकुळानं भागीरथाबाईलाही सांगितलेली नाही.

तर वैरागडहून आल्यावर तिनं माळ्यावरची जुनी पेटी खाली काढली. दंडारीच्या सामानाची पत्र्याची पेटी. आता तीत रजया असतात. झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्यानं ओरखडून गावांची नावं लिहिलेली होती. जिथं जिथं कस्तुरा नाचली ती गावं. गोकुळानं बोट ठेवत वाचली. घोडाझरीकडचं. मार्कंड्याकडचं. आरमोरी. वैरागड. दर शनिवारी बाबुलाल डोकं खाजवत म्हणायचा, "या खेपेले कुठी जाऊ बरं? थांब, आठवलं!" आणि आठवायचं ते या झाकणावरचं असायचं. म्हणजे भाकऱ्या तिच्या, गाठोडं तिचं, कोपर मारून धरलेली जागा तिची, आणि फिरत होती कस्तुरा.

झाकणावर सिरोंचा नव्हतं. तिकडं भाषाच तेलुगू. दंडार तिथं कशाला पोचते?

म्हणून सिरोंचा.

शनिवारी दुपारी निघाले. गडचिरोलीला बस बदलली, आलापल्लीच्या जंगलात अंधारून आलं, अहेरीला एका धर्मशाळेत पाठ टेकली. बाबुलाल प्रत्येक स्टँडवर उतरायचा, मान उंच करून इकडंतिकडं पाहायचा. हाक येत नव्हती. चहावाले पूर्ण पैसे घेत होते. तो मुकाट्यानं परत येऊन बसायचा. गोकुळा हे सगळं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होती आणि तिला गुदगुल्या होत होत्या.

"काय जी, उतरले कायले?"

"पाय मोकळे कराले."

"लय मोकळे झाले. बसा आता."

रविवारी सकाळी सिरोंच्याच्या बसमध्ये बाबुलाल तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. रस्त्यावरच्या खड्ड्यागणिक त्याची मिशी तिच्या मानेला टोचत होती. बाजूच्या सीटवरच्या बाईनं मोडक्या हिंदीत विचारलं, "आदमी तुम्हारा?"

"हाव! आमचे मालक!" गोकुळा इतक्या जोरात म्हणाली की मालक दचकून जागे झाले.

सिरोंच्याला उतरून दोघं सरळ नदीवर गेले. प्राणहितेचं पात्र हिवाळ्यातलं, अर्धं पाणी आणि अर्धी वाळू, पलीकडं तेलंगणाचा काठ. काठावर पाचसहा बाया कपडे धूत होत्या. दगडावर बसून दोघांनी भाकरी खाल्ली. फोन वाजला. आचल होती.

"आई, लच्छूमामा म्हणून राह्यले का बाबा मंडईत कस्तुरा करन? मी येतो हं पाह्याले! तुमचे जावईबी येतो म्हणतेत!"

"इथी रेंज नाई," म्हणून गोकुळानं फोन बंद केला. मग बाटली उचलून उठली. "पाणी आणतो. इथंच बसा."

हापसा वर रस्त्याला होता. तिथं रांग होती. यायला जरा वेळ लागला. काठाजवळ येताना तिला आधी कपडे आपटण्याचा आवाज बंद झालेला जाणवला. मग ती उंचवट्यावर आली, आणि तिथंच थांबली.

बाबुलालनं गळ्यातला दुपट्टा डोक्यावरून घेतला होता. त्या बायांपैकी कुणाची तरी स्टीलची घागर त्याच्या कमरेवर होती. तो वाळूतून पाण्याकडं चालत होता. चोपन्न वर्षांचा, पांढऱ्या मिशीचा माणूस, आणि वाळू त्याच्या पायाखाली दबतच नव्हती. एक बाई तोंडावर हात ठेवून हसत होती. दुसरीनं तिला कोपरानं गप्प केलं. पाण्याच्या कडेला जाऊन तो थांबला, घागर खाली ठेवली, आणि नदीला म्हणाला,

"नदीमाय, तुह्या काठानं गेला तो. ठसे त पुसून टाकले तूनं. आता वाट तरी सांग."

सतराव्या वर्षी गोकुळा जिथं रडली होती तीच जागा. शब्द तेच, थांबणंही तेच. त्या बायांना यातला एक शब्द कळत नव्हता, तरी एकीनं ओला हात डोळ्याला लावला. गोकुळाच्या हातातल्या बाटलीचं झाकण सैल होतं, पाणी तिच्या पायावर सांडत होतं, आणि तिच्या मनात एकच: या माणसानं तीस वर्षांत माझी अशी वाट एकदाही पाहिली नाही.

"बागुंदि! बागुंदि!" बाया टाळ्या पिटायला लागल्या. छान झालं म्हणत असाव्यात. एक पोक्तशी बाई पुढं झाली, स्वतःच्या अंबाड्यातला शेवंतीचा गजरा काढला आणि बाबुलालच्या ओंजळीत ठेवला. मग तिला उंचवट्यावरची गोकुळा दिसली.

"तुम कौन, अम्मा?"

अडीचशे किलोमीटरवर येऊन तोच प्रश्न. गोकुळानं तोंड उघडलं. घरची? मालकीण?

"इनका टिकट मैंने निकाला," ती म्हणाली.

सोमवारी परतीच्या बसमध्ये अहेरीपर्यंत तिनं तोंड बाहेरच ठेवलं. खिडकी तिनंच धरली होती. बाबुलालच्या शर्टाच्या खिशातून गजरा डोकावत होता, आणि बसभर त्याचा वास पसरला होता.

"भाकर खातं?"

तिनं गाठोडं पायानं सीटखाली सरकवलं.

"गोकुळा, हासत काऊन नाई?"

"हासू? तिले सोबत आणलं तुमी."

"कोणाले?"

"कस्तुराले! माह्या भाकरीवर आणलं. इथी कोणी ओळखत नाई म्हणून मी आणलं तुमाले, अन् तुमी इथी येऊन तिले मोकळं सोडलं!"

पुढच्या सीटवरच्या दोन माणसांनी एकदम मागं पाहिलं. कस्तुरा नावाची कुणी दिसते का म्हणून त्यांनी सगळी बस नजरेनं चाळली. बाबुलालनं आवाज खाली घेतला.

"कोणी ओळखत नाई म्हणूनच जमलं वो. ओळखीच्या गावात लोक जुनी कस्तुरा मांगतेत. मी म्हातारा झालो, मले लाज वाटते. तिथी वाटली नाई. त्या बाया धुणं धुऊन राह्यल्या होत्या, मनात आलं, पाहू त खरी, अजून हाये का नाई अंगात."

"अन् निघाली."

"निघाली." त्याच्या डोळ्यांत असं काही चमकलं की गोकुळाला ते बुक्कीनं विझवावंसं वाटलं. "अन् खरं सांगू? तू पाण्याले गेली, लवकर आली नाई. तेच बोलून राह्यलो होतो मी नदीले. तुहीच वाट पाहून राह्यलो होतो."

"दंडारीतले बोल मले नोका सांगू," गोकुळा म्हणाली. "ते मी तुमच्याआधीपासून ऐकून हाये." पण तिनं मान थोडी वळवली. "हा गजरा कोणाले देल्ला त्या बाईनं?"

"म्हणजे?"

"तुमाले देल्ला, का तिले?"

बाबुलालनं खिशावर हात ठेवला. विचार करायला लागला. गोकुळानं गडचिरोली येईपर्यंत वाट पाहिली. तो खरंच विचार करत होता. त्याला माहीतच नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं गजरा आरशाच्या खिळ्याला अडकवला. लच्छूचे दोन फोन आले. दोन्ही वेळा बाबुलाल म्हणाला, "उद्या सांगतो गा. घरी विचारून." घरी विचारून हे गोकुळानं चुलीपाशी ऐकलं. चौदा वर्षं नाचताना हा माणूस घरी कधी विचारत नव्हता. मिशी ठेवतानाही तिलाच सांगावं लागलं होतं.

मंगळवारी सकाळी ती शाळेत निघायच्या तयारीत होती. बाबुलाल आरशापुढं उभा. वरच्या ओठावर साबणाचा फेस, हातात वस्तरा. मिशी फेसाखाली गेली होती.

"लच्छू येऊन राह्यला नऊ वाजता," तो आरशातूनच म्हणाला. "हो नाई तर नाई, त्याले पक्कं सांगा लागते. दुसरा माणूस पाहीन तो."

गोकुळानं डबा पिशवीत ठेवला.

"तू नाई म्हण, मी फेस धुऊन टाकतो. शपथ. मंग पुन्हा तोंडात नाव घेणार नाई तिचं. मरेपर्यंत नाई." त्यानं वस्तरा पाण्यात बुडवून झटकला. "अन् हाव म्हणशीन त… तुहं ते लग्नातलं हिरवं लुगडं पाह्यजे होतं. तिले दुसरं शोभन नाई."

ते लुगडं त्याच पेटीत होतं, रजयांच्या खाली. गावांच्या नावांचं झाकण लावलेलं. पेटी माळ्यावरून काढल्यापासून तिनं पुन्हा वर चढवली नव्हती. दोघांनीही एकदा तिकडं पाहिलं.

"आधी सांग," बाबुलाल म्हणाला, "पोट्टीले शाळेत खरंच चिडवत होते का वो?"

गोकुळाचा हात पिशवीच्या बंदावर थांबला. म्हणजे हे त्याला ठाऊक होतं. किती वर्षांपासून कुणास ठाऊक. ठाऊक असून मिशी ठेवली होती.

ती आरशाजवळ आली. बाबुलालनं वस्तरा बाजूला घेतला आणि तिला जागा दिली. काचेत दोघं मावत नव्हते. अर्धा तो, अर्धी ती. गोकुळानं खिळ्यावरचा गजरा काढला. फुलं कडेनं मलूल झाली होती, पण वास होता. दातात आकडा धरून तिनं तो अंबाड्याभोवती गुंडाळला, आकडा खोचला, मान उजवीकडं आणि डावीकडं वळवून पाहिलं. घट्ट बसला होता.

"गोकुळा. हाव का नाई?"

तिनं पिशवी खांद्याला लावली, चपला पायात सरकवल्या. मिशीचं या खेपेला त्याचं त्यानं ठरवावं. फाटकाची कडी वाजली. शाळेच्या वाटेवर ती नेहमीसारखीच भराभर चालत गेली, गजऱ्याचं एक टोक पाठीवर हलत होतं. बाबुलाल आरशापुढं उभाच राहिला. ओठावरचा फेस सुकत आला होता.